वरची कवळी

मी दात करतो. खोटे. पॉन्टीप्रिडमध्ये,
एकवीस वर्षं, मेण, प्लास्टर, गुलाबी अ‍ॅक्रिलिक.
अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं,
उरलेलं अजून स्वतःच्या दातांनी टॉफी फोडतं,
म्हणजे पुढेमागे येईलच.

लॅबचे मालक हेडन प्रॉसर निवृत्त झाले,
आम्हा चौघांना कार्डिफला जेवायला घेऊन गेले.
दारावर पाटी नाही. पाटी नसणं हीच पाटी.
आत सगळे इतकं हळू बोलत होते
की मला वाटलं, घरात कुणी आजारी आहे.

नऊ पदार्थ. प्रत्येकाबरोबर एक मुलगा,
हात मागे बांधून, सांगायचा
कालव कुठल्या खडकावरचं, लोणी कुठल्या गाईचं.
गाईला नाव होतं. माझं त्याने विचारलं नाही.
ताटं परातीएवढी, आणि मधोमध
देवालाही नैवेद्य म्हणून कमी पडेल एवढं काहीतरी,
चिमट्याने रचलेलं. चिमटा मी ओळखला.
तसलाच माझ्या टेबलावर आहे, सुळे बसवायला.

फेस. जेली. धूर. पुन्हा फेस.
चौथ्या ताटाशी लक्षात आलं,
दातांना इथे कामच नाही.
माझी सगळी गिऱ्हाइकं कवळी खिशात टाकून
आरामात जेवली असती,
माणशी एकशेसाठ पाउंड असते तर.

पण खोटं कशाला बोलू,
दात खोटे करतो तेवढं पुरे.
सातवा पदार्थ: एक कांदा.
राखेत भाजलेला, वर थेंबभर आंबट काही,
आणि मी चमचा तोंडातच धरून बसलो.
काय आठवलं म्हणाल तर काहीच नाही.
कांदा पहिल्यांदा भेटला, एवढंच.
शेजारी हेडन डोळे पुसत होते,
कांद्याने की चाळीस वर्षांनी, विचारलं नाही.

शेवटच्या गाडीने परतलो, पोटात खड्डा.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,
मी तर जन्मभर तेच करून भरत आलोय,
पण त्या रात्री म्हण जिंकली.

स्टेशनसमोर नेरिस बाकेत्तीचं कॅफे,
रग्बीचा शनिवार म्हणून अजून उघडं.
खुर्च्या टेबलांवर उलट्या, तवा मात्र तापलेला.
"दातवाला आला गं," ती आत मुलीला ओरडली.
दोन अंडी, चिप्स, बीन्स, करपट कडांचा पाव,
चमचा उभा राहील असा चहा. सहा पाउंड ऐंशी.
व्हिनेगरची बाटली चिकट, टेबल डुगडुगतं,
त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची तीच जुनी घडी.
कुरकुर आवाज आला.
माझे स्वतःचे दात, धंद्याला लागले एकदाचे.

वाटलं होतं, ती हसेल.
चिमट्याचं सांगितलं, गाईचं सांगितलं. हसली नाही.
ओल्या हातांनी खुर्ची खाली घेऊन समोर बसली.
"सावकाश. पहिल्यापासून सांग.
फेस कसला होता?"

गल्ल्यामागे बिस्किटांची बरणी आहे म्हणे,
तीत टिपचे पैसे, त्याच टेबलासाठी.
दोनदा भरली. एकदा फ्रायर गेला,
एकदा वरचे दात.
ते मी केले. बिलही मीच केलं होतं.

चणे आणि दातांची आपली म्हण
जिभेवर आली होती. गिळली.

खिशात छापील मेन्यू होता, घडी घातलेला,
कागद जाड, कापसासारखा. तो दिला.
चष्मा कपाळावरून ओढून ती वाचू लागली.
ओठ हलत होते, दात हलत नव्हते.
बरे बसलेत.
सातव्या ओळीवर थांबली.
"कांदा? नुसता?"
नुसता, म्हटलं.

उठली. टोपलीतला एक कांदा
सालासकट तव्याच्या कडेला ठेवला,
आणि दिवे घालवायचे सोडून
आम्ही तिघं बघत उभे राहिलो.
"जळला तर जळला," म्हणाली.