फाटक क्रमांक चार, सोहार

आठवड्यातून एकदा, पहाटे,
शिडी लावून चढतो फाटकाच्या गच्चीवर
आणि यंत्राच्या पोटातून काढतो
रुपयाएवढा गोल कागद.
घालतो पांढरा, निघतो काळा.

घरी दाभोळला विचारतात, काम काय?
हवा मोजतो, म्हणालो.
धाकटा मेव्हणा हसला :
हवेचेही पैसे देतात तिकडे?

खाली रांग असायची.
शेवटचा ट्रक वळणाआड, घाफच्या झाडापलीकडे.
शेहेचाळीस अंशांत इंजिन बंद कोण करणार?
केलं की केबिन म्हणजे तंदूर.
एक कंटेनर उचलायला नऊ तास,
त्यातले साडेआठ जागच्या जागी.
स्वातचा जरवली म्हणायचा,
माझा ट्रक चालत नाही, नुसता श्वास घेतो.
आणि खोकायचा, ट्रकच्या वतीनेही.

मग मार्चमध्ये वेळेचे नंबर आले.
मोबाइलवर अर्ध्या तासाची खिडकी :
आधी आलात तर फाटक उघडत नाही,
उशिरा आलात तर उद्या.
खमीस अल-मामरी, आमचा फाटकमास्तर,
पहिला आठवडा त्याचं पोट शिव्यांनीच भरलं.
तिसऱ्या आठवड्यात रस्ता दिसला.
म्हणजे डांबर. त्यावर पांढरे पट्टे.
तिथे पट्टे आहेत हे मला माहीतच नव्हतं.

कागद राखाडी निघाला,
नंतर शिळ्या ताकाच्या रंगाचा.
एकदा गच्चीवर समुद्राचा वास आला,
चार वर्षं ज्याच्या काठावर राहतोय त्याचा.
अहवालात लिहिला नाही.
त्याला रकाना नाही.

जरवली मात्र दिसेनासा झाला.
फोन लावला, तर म्हणाला, इथेच आहे,
बारा किलोमीटर आत, वाळूत.
नंबर लागेपर्यंत थांबायचं मैदान.
दोनशे ट्रक. सगळ्यांचे एसी चालू.
सावली? हसला.
रांगेला बसायला जागा मिळाली, एवढंच.

जुलैत घर्बी सुटला, डोंगराकडून,
भट्टीचं दार कुणी उघडं टाकावं तसा.
त्या आठवड्याचा कागद
मी उजेडात धरून बराच वेळ पाहिला.
पुन्हा काळपट. फार नाही,
दुधात पडलेल्या काजळीएवढा.

खमीसने चष्मा लावला, काढला,
परत लावला.

आता अर्ज लिहितोय :
मैदानावर छप्पर हवं, विजेची जोडणी हवी,
म्हणजे इंजिन बंद करून माणसाला झोपता येईल.
आणि एक यंत्र, तिथल्या गच्चीवरही.
खमीस म्हणतो, तिथे गच्चीच नाही.

मग निदान शिडी द्या, म्हणालो.