खालीलपैकी योग्य पर्याय

काउंटरवर तिनं चार बाटल्या मांडल्या,
प्रश्नपत्रिकेत असतात तशा, एकाखाली एक.
कांद्याची. भृंगराजाची. केराटिनची.
आणि एक निळी, जिच्यावर नुसती बाईची पाठ,
कमरेपर्यंत काळी.

मी सवयीनं आधी चुकीचे पर्याय वगळते.

कांदा नको. खोलीत सहा कॉट आणि एकच खिडकी.
शिवाय सेलूला कांदा आम्ही बुक्कीनं फोडून भाकरीबरोबर खातो.
बापाला कसं सांगू, दोनशे एकोणपन्नासला
डोक्याला लावते म्हणून?

भृंगराज म्हणजे आपला माका.
आमच्या पाटाच्या कडेला फुकट माजतो,
शेळ्यासुद्धा त्याला ओलांडून पुढं जातात.
इथं त्याला झाकण आहे, आणि संपायची तारीख.

केराटिनची बाटली उलटी करून
मागचं बारीक टाइप वाचते, परिशिष्ट वाचावं तसं.
‘गळती अठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत कमी’,
पुढं फुली.
फुलीचा खुलासा तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
तुटणाऱ्या केसांबाबत. मुळापासून जाणाऱ्यांबाबत नाही.
हा ‘पर्यंत’ नक्की
पेपर काढणाऱ्यानंच घातला असणार.

तीन वर्षं झाली नव्या पेठेत.
अभ्यासिकेत टेबल एकोणचाळीस, डोक्यावर पंखा.
राज्यघटनेच्या नोट्समध्ये पानापानांत केस सापडतात,
खुणेला ठेवल्यासारखे.
मूलभूत हक्कांपाशी चांगले लांब आहेत.
पंचायत राज येईतो बारीक झालेत,
टोकाला पांढरी गाठ.
कंगवा फिरवला की मनात आपोआप हिशेब,
पाव गुण वजा, पाव गुण वजा,
आणि बरोबर उत्तर तर अजून एकही लिहिलेलं नाही.

हॉल तिकिटावर फोटो जुनाच लावते.
मागच्या वेळी पर्यवेक्षकानं फोटो बघितला,
मग मला, मग परत फोटो.
बोलला काही नाही. थांबला मात्र.
कु. दैवशाला भिमराव काकडे, मी म्हटलं,
न विचारताच.

खोलीतली वर्धिनी म्हणते, पाणी.
बोअरचं पाणी, बादलीला बघ कसा पांढरा थर बसलाय.
मेसच्या काकू म्हणतात, तेल नाही लावत तुम्ही पोरी.
(त्यांच्या भाजीवरही नसतं. पण ते असो.)
आई फोनवर विचारते, नीट जेवतीस ना?
मी सांगते, पेपर पुढं ढकलला.

‘कुणासाठी हवंय?’ दुकानातली मुलगी विचारते.
छातीवर पट्टी: फरहीन.
‘बहिणीसाठी,’ मी.
तिची नजर माझ्या भांगावर जाऊन येते,
पोळलं का बघायला तव्याला बोट लावावं, तितकीच.
मालक फोनवर. बाहेर तुळशीबागेचा गलका.
ती बाटल्या एकेक करून मागं ओढते.
‘ताई, यातली कुठलीबी केस धुते.
उगवत कुठलीच नाही.
बहिणीचं रक्त तपासलंय का?
माझं साडेआठ भरलं होतं.’
आणि कानाजवळचा स्कार्फ बोटभर सरकवते.
तिथं कपाळाच्या कडेला
नवे केस उभे, आखूड, ताठ,
कुणाचं न ऐकणारे.

‘वरीलपैकी एकही नाही’
असा पर्याय असतो कधीकधी.
घाईत तो आपण वाचतच नाही.

तरी रिकाम्या हातानं निघवेना.
दोन रुपयांच्या दोन पुड्या घेतल्या, निळीवाल्या.
पाठमोरी बाई पुडीवरही होती, नखाएवढी.

तीनशे रुपये तसेच राहिले पर्समध्ये.
दुसऱ्या दिवशी सकाळी टिळक रोडच्या लॅबमध्ये
ते काउंटरवर ठेवले.
नाव. वय, अठ्ठावीस.
शिक्षण कुणी विचारलं नाही, बरं वाटलं.
सुई उघडता उघडता तो पोरगा म्हणाला,
‘उपाशीपोटीच आहात ना?’

आहे, म्हटलं,
आणि बाही वर केली.