लूमी

रुवीत तेव्हा सगळ्याच खेळांना अतारी म्हणायचे,
खोका कुठल्याही कंपनीचा असो.
गुरुवारी दुपारी सुट्टी लागली की
नासिरच्या घरी आम्ही चौघं:
नासिर, तिसऱ्या मजल्यावरचा शिबू, मी
आणि नासिरचा पाच वर्षांचा भाऊ हमूद,
ज्याला कुणी मोजत नव्हतं.

शब्द थोडेच होते. लाईफ. स्टेज. चान्स.
तुझ्या किती लाईफ उरल्या, असं विचारायचो
जेवलास का विचारावं तसं.
मेला म्हणजे मेला. खलास.
शिबू हरला की म्हणायचा, मध्येच लाईट गेली.
मस्कतमध्ये. जिथे लाईट जात नसे.

हमूद रडायला लागला तेव्हा
मीच त्याच्या हातात दुसरी जॉयस्टिक दिली,
वायर सोफ्याखाली सारून, कशालाच न जोडलेली.
अर्धा तास तो नासिरचं विमान उडवत राहिला
जीभ बाहेर काढून.
नासिरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं,
कच्चा लिंबू आहे तो.
आणि मग मोडक्या हिंदीत समजावत बसलो,
की आमच्याकडे लहान पोराला असं खेळायला घेतात,
पळू देतात, लपू देतात,
पण त्याच्यावर राज्य येत नाही.
नासिर उठून स्वयंपाकघरात गेला,
बरणीतलं वाळकं, काळं लिंबू घेऊन आला,
त्याची आई मासळीच्या रश्श्यात टाकायची ते,
आणि भावाच्या डोक्यावर ठेवून म्हणाला, लूमी.

तेव्हापासून हमूद लूमी.
पुढे इमारतीत जो कुणी नवखा येई, तो लूमी.

मग अतारीचं सोनी झालं.
चीट कोड गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर.
हायस्ट्रीटमागच्या कॅफेत तासाला पाचशे बैसे,
आणि हेडशॉट म्हणून ओरडणारी मिसरूड फुटलेली पोरं.
कोपऱ्यात दबा धरून बसणारा कॅम्पर,
ही मोठी शिवी होती.
बाबांना मात्र कॅम्प म्हटलं की
वादी कबीरमागच्या खोल्या दिसायच्या,
एकेका खोलीत बारा माणसं.
लॅग हा शब्द आला तेव्हा मला शिबू आठवला.
तोवर त्याचे वडील फायनल एक्झिटवर गेले होते,
घरातला फ्रीज आमच्याकडे वीस रियालला देऊन.
मेलेला गडी थोड्या वेळानं पुन्हा उभा राहतो
त्याला रिस्पॉन म्हणतात, हे फार नंतर कळलं.
शिबूचं तसं काही झालं नाही.

आता माझी जुई हेडफोन लावून
रात्री बारापर्यंत कुणाकुणाशी भांडते.
नर्फ, ग्राइंड, स्किल इश्यू.
दारात उभा राहून मी म्हणतो, झोपतेस का?
ती म्हणते, बाबा, तू अगदी एनपीसी आहेस.
म्हणजे काय गं?
एका जागी उभा असतो, तेच वाक्य बोलतो, तो.
मी म्हणतो, असं होय. झोपतेस का?

परवा ती माईकमध्ये कुणावर तरी खेकसली,
अरे सोड त्याला, लूमी आहे तो!

मी इस्त्री बाजूला ठेवली. विचारलं,
हा शब्द कुठून आणलास?
खांदे उडवले तिनं. सगळेच म्हणतात.
सोहारची पोरं, सलालाची, एक सुदानी मुलगी आहे, तीसुद्धा.
नूब म्हणजे वेगळं, बाबा, नूबला मारतात.
लूमीला मारायचं नसतं.
त्याला कळू पण द्यायचं नसतं.

मी काही बोललो नाही.
शर्टाची कॉलर दुसऱ्यांदा इस्त्री केली.
मग तिला काय वाटलं कोण जाणे,
सरकून बसली, म्हणाली, ये, एक गेम,
आणि दुसरा कंट्रोलर माझ्या हातात दिला.

हलका होता. मी उलटून पाहिला, खालीवर पाहिला.
हल्ली वायरच नसते.
पडद्यावर एक माणूस धावायला लागला,
मी उजवीकडे दाबलं, तो उजवीकडे गेला,
की तो तसाही चालला होता उजवीकडे.