विषय क्रमांक सात

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, ग्रंथालयाच्या तळघरात
नगर कला मंडळ भरतं.
सात खुर्च्या, सहा माणसं.
सातवी खुर्ची महापौरांच्या नेमणुकीची वाट बघत
मार्चपासून ओले कोट सांभाळते.
मी इतिवृत्त लिहिते. मला मत नाही.
कोण बोललं, कुणी अनुमोदन दिलं, किती वाजले,
एवढंच माझं.

शहर जे बांधेल
त्यातला शंभरातला एक डॉलर कलेचा,
हा ठराव माझ्या जन्माआधीचा.
यंदा शहरानं सांडपाण्याचं पंपघर बांधलं,
एक्केचाळीस लाखांचं.
म्हणजे आपले एक्केचाळीस हजार,
आणि त्यांना वास येत नाही, असं राग्ना उल्वेस्टाड म्हणाली.
ती हिशेब बघते.
कुणी हसलं नाही. मी लिहिलं नाही.

विषय सात: बगळा.
धक्क्याच्या टोकाला, सरोवराकडे तोंड करून,
ब्राँझचा, पुरुषभर उंच.
ध्यानस्थ बगळ्याचे पाय कुणी मोजत नाही,
म्हणून एक कधी बर्फाबरोबर निखळून गेला
ते दोन हिवाळे कळलंच नाही.
कळलं ते ऑर्व्हल केट्टुनेनला.
बोटींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला वेल्डर,
रोज सकाळी कुत्र्याला घेऊन तिथवर जाणारा.

नागरिकांना तीन मिनिटं मिळतात.
ऑर्व्हलनं त्यातलं एक टोपी काढण्यात घालवलं.
मग म्हणाला, पाय गेलाय. बसवा.
आणि उरलेला वेळ नुसता उभा राहिला,
हिरव्या दिव्याचा पिवळा होईपर्यंत,
पिवळ्याचा लाल.

आता नियम.
शहराचे वकील थॅडियस प्रुसाक यांनी चष्मा पुसला.
हा पैसा नव्या कलाकृतीचा, दुरुस्तीचा नव्हे.
दुरुस्ती उद्यान खात्याची.
उद्यान खातं म्हणतं, झाडावर बसला तर आमचा.
दुरुस्ती निधी? राग्नानं पान उलटलं:
दोनशे बारा डॉलर,
त्यातले साठ फलक पुसायच्या औषधाला लागलेले.
थोडक्यात, शेजारी दुसरा अख्खा बगळा उभा करता येईल,
याला पाय देता येणार नाही.
हे मात्र मी लिहिलं. शब्दशः.

तेव्हा माय न्या शाँग उठली.
ती विषय आठसाठी आली होती,
पंपघराच्या भिंतीवरचं चित्र बगलेत गुंडाळून.
म्हणाली, मी पाय करते.
नवा. ब्राँझचा नाही,
पंपघराखालून निघालेल्या जुन्या लोखंडी नळाचा.
गंजू दे. वेगळा दिसू दे.
नोंदवहीत क्रमांक द्या, कलाकृतीचं नाव लिहा: पाय.
आणि बगळा?
बगळा म्हणजे, तिनं शब्द शोधला,
बगळा म्हणजे जागा.

थॅडियसनं स्वच्छ चष्मा पुन्हा पुसला.
जागेला पंख असू नयेत, तो सावकाश म्हणाला,
असं नियमात कुठे दिसत नाही.
राग्ना पहिल्यांदाच पुढे वाकली:
नव्या कृतीसोबत वीस वर्षांची निगाही धरता येते.

एका बांधकामाला एकच कलाकृती, अध्यक्ष डेल्फीन डिफो म्हणाल्या,
म्हणजे तुझी भिंत गेली.
माय न्यानं गुंडाळी दुसऱ्या बगलेत घेतली.
भिंत पुढच्या वर्षीही भिंतच असेल.

चार विरुद्ध दोन.
सभा सात वाजून दहा मिनिटांनी संपली.
कोट उचलल्यावर सातवी खुर्ची
क्षणभर रिकामी दिसली.

जूनमध्ये पाय बसला.
करारात ऑर्व्हलचं नाव कुठेही नाही,
पण सांधा त्याचा आहे; धक्क्यावर कुणालाही विचारा.
उद्घाटन ठरलं नव्हतं.
ते त्याच्या कुत्र्यानं केलं,
आधी नीट वास घेऊन,
मग एक पाय वर करून.
मी वही नेली नव्हती.