काना

दर जानेवारीत, संमेलनाला आठ दिवस उरले की
मिशन शाळेचा शमुवेल सायकलवर येतो,
दुकानाच्या शटरवर दोनदा थाप मारतो.
म्हणजे फळ्यावर नावं चढवायची आहेत.

एरवी मी टेम्पोच्या फळीवर गुलाब काढतो,
कृषी केंद्राच्या भिंतीवर तुरीची शेंग,
निवडणुकीत ज्याचं त्याचं चिन्ह.
या फळ्याचा ब्रश वेगळा. बायकोही त्याला हात लावत नाही.

यंदाची यादी मार्था बाईंच्या अक्षरात:
फुलमती भिलावेकर, आठशे मीटर, विभागात दुसरी.
(बूट शाळेचे होते, दोन नंबर मोठे,
पुढे कापूस कोंबून पळाली.)
नुसरत परवीन, विज्ञान प्रदर्शन, तिसरा क्रमांक.
संत्र्याच्या सालींचा धूर, डास पळवणारा;
डासांचं माहीत नाही, पण परीक्षक खोकत बाहेर पळाले.
आशिष तायडे, चित्रकला, अ श्रेणी.
आणि मुलींचा खो-खो संघ, जिल्ह्यात पहिला.
बारा नावं, जागा चार ओळींची.
बाई म्हणाल्या, बारीक लिही, पण बाराही लिही.

मी शिडी लावली.
हॉलमध्ये पेटीची एक पट्टी अडकते,
गाणं तिथं आलं की पोरं ती जागा तोंडानं भरून काढतात.
नाताळच्या नाटकातल्या मेंढ्या अजून खिडकीत टांगलेल्या,
बारदानावर चिकटवलेला कापूस,
एकीचा कान चिमण्यांनी नेलेला.

वरून सातवी ओळ मी कधी नीट बघत नाही.
सुवर्ता गवई, शालान्त परीक्षा, तालुक्यात पहिली.
तेव्हा बाबांचा हात थरथरायला लागला होता,
पहिल्यांदा ब्रश माझ्या हातात आला होता,
आणि त्याच वर्षी मी दहावीत गणितात उडालो होतो,
तिच्याच वर्गात, मागून दुसऱ्या बाकावर.
काना राहिला.
मुद्दाम नाही. शपथ घ्यायला सांगाल तर मात्र थांबेन जरा.
तेव्हाच्या मोठ्या बाई हसून म्हणाल्या होत्या, पुढच्या वर्षी करू.
सव्वीस वर्षं ते पुढचं वर्ष आलं नाही.

शिडीखाली कोणीतरी उभं होतं.
करड्या काठाची साडी, चष्मा गळ्यात लोंबता.
यंदाची प्रमुख पाहुणी, वर्ध्याच्या दवाखान्यातली मोठी सिस्टर,
एक दिवस आधीच आलेली.
"पेंटरचा पोरगा न तू?"
मी उतरलो. एक पायरी चुकलो.
ती फळ्याकडेच बघत होती.
"नोकरीच्या कागदावर बरोबर हाये. आधारवर बरोबर हाये.
लग्नाच्या पत्रिकेतबी बरोबर छापलं होतं.
इथंच तेवढं चुकलं,
अन् पहिली तं मी इथंच आली होती."

मी म्हणालो, पुसून नवं लिहितो पूर्ण.
"पुसू नको. तेवढाच घाल."
डबा तिनं धरला.
व आणि ता यांच्या मधे धाग्याएवढी फट,
वर रफार, त्याला धक्का लागायला नको.
इंजेक्शन देताना बघावं तशी ती बघत होती.
मी श्वास रोखला आणि वरून खाली एक रेघ ओढली.

खो-खोच्या पोरी गुडघ्यांना माती घेऊन मागे जमल्या होत्या.
"मॅडम, वाकडा झाला."
झाला होता, थोडा.
आणि बाकीची अक्षरं पिवळी पडलेली,
हा एकटाच पांढराफेक, दुरून आधी तोच दिसे.
"राहू दे," ती म्हणाली, आणि पदराला लागलेला रंग
पुसायचा सोडून बोटांनी चाचपत राहिली.

शमुवेलनं रुळाच्या तुकड्यावर टोला दिला.
पोरी पळणार, तेवढ्यात मी थांबवलं.
एकेक जण पुढं या, म्हटलं,
आपलं नाव आपण सांगा.
काना, मात्रा, वेलांटीसकट.