अंगठा उठत नाही

मोहाडीच्या दवाखान्यात नोकरी लागली,
डाटा एंट्री, अकरा महिन्यांचा करार.
पहिल्या दिवशी हजेरीच्या मशीननं
माझा अंगठा घेतला नाही.
"पुन्हा प्रयत्न करा," आतली बाई म्हणाली,
पाचदा, त्याच प्रेमळ आवाजात.
मागं रांग. कंपाउंडर, दोन नर्सा, शिपाई डोमाजी.
"काय करत होत्या बाई याच्या आधी?"
कोसा, म्हटलं.
"मंग नाई उठत. माह्या बहिणीचं राशन असंच अडकलं होतं."

वीस वर्षं सूत ओढलंय या बोटांतून.
उकळलेल्या कोशाचं टोक हुडकायचं,
पाच-सहा कोशांची टोकं एकत्र धरायची,
मांडीवर वळायची, अंगठ्यानं दाबून.
डाव्या मांडीवर वीतभर पट्टा आहे
लहान मुलाच्या गालासारखा, एक लव नाही.
मोरेश्वरशिवाय कुणाला माहीत नाही.
अंगठ्याच्या रेघा कुठं गेल्या म्हणाल,
तर नागपुरात कुणाच्या तरी लग्नात
पदरावर मिरवत असतील.

घरी खड्डामागावर साडी अर्धी.
करवत किनार. तिला तीन धोटे लागतात,
दोन काठांचे दोन, मधल्या अंगाचा एक,
आणि माणसं दोन,
एक फेकणारं, एक पलीकडून परतवणारं.
पलीकडं आधी मोरेश्वर बसायचा.
तो तुमसरला राईस मिलमध्ये रात्रपाळीला लागला
तेव्हापासून तेजस बसतो, नववीतला,
मांडीखाली विज्ञानाचं पुस्तक.
धोटा देता देता विचारतो,
"आई, घर्षण म्हणजे काय, सांग बरं?"

संस्थेचे एक साहेब आले होते मागं.
म्हणाले, ताई, संसार म्हणजेच माग,
आपण सगळे त्याचे धागे.
मी चहा ठेवला.
धागा तुटला तर थुंकी लावून वळता येतो, साहेब.
नळ येतो पहाटे चारला,
डबे तीन, तिघांच्या तीन वेळा,
सव्वाआठची एसटी कधी पावणेआठलाच निघून जाते.
हे कोणत्या फणीतून ओवू?

अकरा दिवस मागाला हात लागला नाही.
ताणा ढिला पडला, सुताला हवा लागली.
एका रात्री मांजर त्यावर झोपलेली दिसली.
हाकललं नाही.
घरात कुणी तरी झोपत होतं.

रविवारी सकाळी मोरेश्वर मिलवरून आला,
केसांत कोंडा, भुवयांत कोंडा.
चहासुद्धा न घेता पलीकडं जाऊन बसला.
"फेक," म्हणाला.
पाच वर्षांनी.
पहिले चार ठोके चुकले,
पोत्यांनी हात जड झालाय त्याचा.
मग पाचवा बसला, मग आम्ही बोललोच नाही
थेट बारापर्यंत.
कोंड्याचा एक कण किनारीत विणला गेला.
मला दिसला, त्यालाही.
दोघांपैकी कुणीच तो उचलला नाही.

व्यापाऱ्यानं साडी उजेडात धरली,
कोंडा त्याला दिसला नाही.
नखानं एक आडवी रेघ दाखवली,
"इथं ठोका बदलला बाई."
हो, म्हटलं, बदलला.
दोनशे कापले.

दवाखान्यात आता माझ्यासाठी वेगळी वही आहे,
मी सही करते.
डोमाजी म्हणतात, ग्लिसरीन लावा,
महिनाभर सूत धरू नका, रेघा वापस येतात.
येत असतील.

आज कोसे उकळत ठेवलेत,
सोडा जरा जास्तच पडला.
तेजस आतून ओरडतोय,
घर्षणाची दोन उदाहरणं सांग, उद्या पेपर आहे.
एक सांगितलं.
दुसरं आठवून राहिली.