एकवीस मिस्ड कॉल

लोटलीत सगळे ओळखतात माझ्या नवऱ्याला.
फेस्त असो, जत्रा असो,
आभाळ फोडायचं तर रोहिदासला बोलवा.
त्याच्या बापाची दोन बोटं ह्याच धंद्यात गेली,
उरलेल्या आठांनी त्यानं पोराला वाती वळायला शिकवलं.

आणि बघा, आला कुठे कुत्रा, तर आमच्याच घरी.
बोरीच्या पुलाखालून लेकीनं पिशवीत घालून आणला,
पिशवीसकट थरथरणारा.
नाव ठेवलं बिबो. ओल्या काजूच्या बिब्याचा रंग,
आणि तसाच, साल काढल्यासारखा.

ताटली पडली की खाटेखाली.
कुकरची शिट्टी झाली की खाटेखाली.
रोहिदास कामावरून आला की
त्याचे हात हुंगायचा, आणि खाटेखाली.
ह्यानं साबण लावला, लिंबू चोळलं,
एकदा तर आमसुलाच्या पाण्यात
कोपरापर्यंत हात बुडवून बसला.
दारूचा वास असा जातो थोडाच.

शेजारची म्हणाली, ओढून काढ बाहेर, होईल सवय.
मी नवी नवरी असताना ह्याच स्वयंपाकघरात
पहिल्या गर्नाळाला हातची कढई सुटली होती.
सगळे हसले होते.
सवय? मला अजून व्हायचीय.

मी ओढलं नाही.
खाटेपाशी चटई टाकली, पाठ त्याच्याकडे केली,
तांदूळ निवडत बसले.
तिसऱ्या दिवशी पाठीला ओलं नाक लागलं.
वळले नाही. खडे काढत राहिले,
तांदळात खडे नव्हते तरी.

मग अख्खा श्रावण झाकणं आपटण्यात गेला.
लेक विहिरीपलीकडे झाकण टाकायची, हळूच,
की इकडे माझ्या मुठीतून खोबऱ्याचा कीस.
दुसऱ्या दिवशी ती एक पाऊल अलीकडे.
एकदा घाई केली, तीन पावलं आली,
आठवडा फुकट गेला.

फेस्त जवळ आलं तसा रोहिदास कायतानकडे गेला,
यंदाचा प्रेझेंत तो.
गर्नाळं चर्चपाशी नको, खाजनाच्या बांधावर लावतो.
कशाला रे?
वारा बरा असतो तिकडे, म्हणाला.
कुत्र्याचं नाव घ्यायची लाज वाटली असेल.
मला म्हणाला, प्रत्येक वातीआधी मिस्ड कॉल देतो,
उचलू नकोस.

त्या रात्री खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला,
चार नारळ फोडून आदोळीवर बसले.
फोन वाजला, थांबला.
धडाम.
मी खवायला घेतलं, कीस जमिनीवर पसरला.
पहिल्याला कोणी आलं नाही.
दुसऱ्यालाही नाही.
पाचव्याला नाक दिसलं.
नवव्याला एक पंजा.
बाराव्याला कोण्या पोरानं मध्येच आपली माळ पेटवली,
बिबो आत, आणि खाटेखालून ओघळ आला.
पुसला. काही बोलले नाही.
सतराव्याला जीभ लागली बोटांना.

एकविसावा कॉल आला.
आवाज आला नाही.

मी मोजू लागले. साठ. शंभर.
विझलेल्या वातीवर वाकलेला सासरा
मी पाहिला नव्हता कधी, तरी दिसला.
हातात करवंटी तशीच.
बिबो आता पुरता बाहेर, कीस चाटून संपलेला,
माझ्याकडे बघत.
थरथरत होते ती मी.
तो आला आणि मांडीला टेकून बसला,
तोंड दुसरीकडे करून,
पाठ माझ्याकडे.

एकशे चाळीसला फुटलं.

रोहिदास आला तो आधी बोटं दाखवतच.
वात दमट होती गं, दुसरी घातली.
हात धुतले नाहीत त्यानं,
उंबऱ्यावर बसला, हाक मारली नाही.
बिबो उठला, हात हुंगले, पुन्हा हुंगले,
आणि खाटेखाली गेला.

शेपूट तेवढं बाहेर विसरून.